अधूनमधून

पूर्ण मेलेला सेट बरा.
मेलेला मेलेलाच असतो, उघडून बसता येतं निवांत.
हा अधूनमधून मरतो
आणि माझ्या टेबलावर आला
की पहिल्या दिवाळसणाच्या जावयासारखा वागतो.

दमयंती केणी, मढहून, दोन बस बदलून.
सेट पिशवीत, पिशवीला सुकटीचा वास.
"घरात असतो हा. होडीवरच्याशी बोलायला.
बोलतो बोलतो, नि मध्येच गप."
मी म्हटलं, "सेट की नवरा?"
हसली नाही.
रात्री तीनला "आम्ही आता" एवढंच आलं होतं तिला,
पुढे काही नाही, खरखरसुद्धा नाही,
चाळीस मिनिटांनी भलत्याच वाक्याचं शेपूट:
"साखर संपली."

पहिल्या खेपेला मी चुकलो.
आवाजाचं बटण साफ केलं, स्पीकरच्या वायरी नव्यानं डाखल्या,
दोनशे रुपये घेतले.
सतराव्या दिवशी ती परत. पिशवी तीच.
काही बोलली नाही, स्टुलावर बसली.

मग अबरारला हातातला सेट दिला,
म्हटलं, गल्लीच्या टोकाला जा,
नांगरांचे साखळदंड विकतात तिथं उभा राहा,
पॉवर कमी ठेव, बटण सोडू नको, आकडे मोज.
दारूखान्यात कुणी एकट्यानं मोजत उभं राहिलं
तर कुणाला नवल वाटत नाही.

एकशे बारा. एकशे तेरा. एकशे
गप्प.
पण पट्ट्या बघा: पाचच्या पाच उभ्या.
म्हणजे तो बोलतोय.
म्हणजे आवाज समुद्र, इमारती, सगळं ओलांडून
घरापर्यंत आलाय
आणि उंबऱ्याशी कुणीतरी अडवलाय.

उदबत्तीच्या काडीनं एकेक डाख ठोकत गेलो.
इथं? नाही. इथं? नाही.
अँप्लिफायरच्या पायाला जुना इअरफोन टेकवला, मधे एक कपॅसिटर.
एकशे एकेचाळीस, अबरार, खणखणीत.
इथं आहे. स्पीकरला नाही.
मधे फक्त इअरफोनचं भोक.

त्या भोकात पितळेची एक जीभ असते, नखाएवढी.
आत काही नसलं की ती खाली टेकते, आवाज स्पीकरला देते.
पिन घातली की उचलते, आवाज कानाला.
ही अर्धवट उचललेली. कडेला हिरवट खार.
पंख्याच्या वाऱ्यानं टेकायची, ट्रक गेला की सुटायची.
सेटची खात्री झाली होती
की कुणीतरी कानात घालून ऐकतंय,
आणि तो बिचारा इमानानं
त्या नसलेल्या कानात
सगळं सांगत होता. साखरेच्या आधीचंही.

"इअरफोन लावायच्या का?"
"सासू होती तवर. बाजूलाच झोपायची ना.
नऊ वर्षं लावला." जरा थांबून,
"आखाडात गेली. मंग काढला."

नऊ वर्षं वर धरलेली जीभ.
घासून भागणार नव्हतं, स्प्रिंगच गेली होती.
म्हटलं, वायर टाकून हे भोक कायमचं बाद करतो,
पुन्हा तक्रार येणार नाही, पैसेही नकोत.
तिनं सेट हातात घेतला, त्या भोकावर अंगठा ठेवला.
"नवीन बसवा," म्हणाली.
का, ते मी विचारलं नाही.
भंगारातल्या एका बोटीच्या सेटमधून काढला, बसवला,
पन्नास तिनं टेबलावर ठेवले, मी उचलले.

आता दुकानात आवाज:
आठशे सहा. आठशे सात.
हलवला, आपटला, ट्रक जाऊ दिला.
आठशे अकरा.
ती ऐकत होती, मान जरा कलती करून,
जणू त्यात काही बातमी होती.

"त्याला सांगा की आता थांबायला."
सांगतो कसा? बटण दाबून धरलंय त्यानं,
दाबलेलं असेस्तोवर त्याला माझं ऐकू जात नाही.
आठशे वीस.
चपला शोधल्या. चालतच जावं लागणार.